न मोजलेली विहीर

विद्यार्थ्यांना मी पहिल्याच तासाला बजावायचो, जे मोजलं नाही ते लिहायचं नाही. रकाना मोकळा राहिला तर राहू दे, अंदाजपंचे दाहोदरसे इथं चालणार नाही. शिरूरच्या कॉलेजात भूगोल शिकवताना हे इतक्यांदा म्हटलंय, की पोरं मधल्या सुट्टीत बोट नाचवून माझी नक्कल करायची. मला ती आवडायचीही.

विद्यापीठ, कृषी खातं आणि ग्रामपंचायत असं तिघांचं मिळून काम होतं. दौंड तालुक्यातल्या एका गावच्या विहिरी विद्यापीठातर्फे मी आणि माझ्या पोरांनी मोजायच्या, त्या आकड्यांवरून खात्यानं यादी करायची, आणि जिला पाणी कमी तिच्या वरच्या ओढ्यावर आधी बंधारा. श्रमदान गावाचं.

मोजणीच्या दिवशी सरपंचांकडे जेवण होतं. मटण, पंखा, बसायला खुर्ची, आणि वर "सर, अजून एक भाकरी घ्या." राहिली होती एकच विहीर, कालव्यापलीकडच्या माळावरची, बौद्ध वस्तीची. ऊन मी म्हणत होतं. पोरांना म्हटलं, बसा जीपमध्ये. आणि कालव्याखालच्या उसातल्या विहिरीचा आकडा थोडा कमी करून मीच त्या रकान्यात लिहिला. माळाच्या कातळातली विहीर आणि कालव्याचा पाझर पिणारी विहीर यांची तुलना करू नये, हे शिकवतो कोण, तर मीच. आणि खरी लाज पुढंच आहे. मी स्वतः तळेगाव ढमढेऱ्याजवळच्या अशाच एका वस्तीत वाढलोय.

महिन्याभरानं ग्रामसभेत यादी वाचली गेली. वस्तीची विहीर तीत नव्हती. माझ्या आकड्याप्रमाणे तिला पाणी भरपूर होतं. मागून एक म्हातारे उठले. दौंडला रेल्वेत गँगमन होते, आता रिटायर. सगळे त्यांना आप्पा म्हणत.

"सर, आमच्या हिरीवर तुम्ही कवा आलता?"

"पोरांनी मोजली असेल, आप्पा," मी म्हणालो.

किती सहज म्हणालो! पुढ्यातच सतरंजीवर माझी पोरं बसली होती. एकानंही मान वर केली नाही.

"मग आत्ता मोजू की. लांब न्हाई," आप्पा म्हणाले. कृषी सहायक म्हणाले, जाऊन या, तोवर बाकीचे विषय घेतो.

विहिरीत टेप सोडला. वजन तळाच्या दगडावर खटकन वाजलं आणि टेप कोरडाच वर आला. आप्पा मला घरी घेऊन गेले. सुनेनं तांब्या भरून आणला.

"प्या सर. कालव्यापल्याडनं आणल्यालं हाय, ग्वाड हाय."

तांब्या देऊन ती उभीच राहिली. आमच्याकडे गुरुजी किंवा तलाठी आला की माझी आईही अशीच उभी राहायची. पाहुणा पितो की "नको, आत्ताच झालंय" म्हणतो, ते बघत. ते पाणी उन्हातून डोक्यावर आणलेलं होतं. मी तांब्या रिकामा केला.

"आप्पा, पोरांनी नाही. मीच लिहिला तो आकडा. इथं न येता."

"व्हय, कळलं हुतं मला. पोरांच्या माना बघितल्या की." ते म्हणाले, "पर हे मला सांगून काय उपेग? यादी तिकडं हाय."

सभा अजून चालू होती. मी माईक मागितला. "वस्तीची विहीर कोरडी आहे. मोजणीतला तिचा आकडा खोटा आहे, आणि तो माझा आहे. या मुलांनी मोकळा ठेवलेला रकाना मी भरला."

कृषी सहायकांनी यादीत वस्तीची विहीर सगळ्यात वर लिहिली. आप्पांनी मान हलवली आणि ते खाली बसले.

पहिल्या तासाचं ते वाक्य मी अजूनही म्हणतो. माझी नक्कल मात्र आता कुणी करत नाही.