मोटर बंद करायचं काम

घरकामं वाटून देणारं अ‍ॅप आम्ही बनवत होतो. लोक ते कसं वापरतात हे बघायला मी घरोघरी जाऊन बसायचे. मल्लेश्वरमच्या अक्का त्यातल्याच. पिढ्यान्‌पिढ्या इथल्या कानडी मुलखात राहिलेल्या, मराठी वाक्यही कानडी ‘सरी’ म्हणजे ‘बरं’ म्हणून संपवायच्या. मी अर्धी कॉफी प्यायल्याशिवाय एकाही प्रश्नाचं उत्तर द्यायच्या नाहीत.

पहिल्या भेटीत त्यांनी सगळी कामं स्वतःच्या नावावर घेतली. नवऱ्याला एकच दिलं: टाकी भरली की मोटर बंद करणं. “तेवढंही विसरतात हे,” त्या त्यांच्यादेखत म्हणाल्या. ते नुसते हसले.

काही महिन्यांनी मी पुन्हा गेले, तर भिंतीवर त्यांच्या नवऱ्याचा फोटो, त्याला चंदनाचा हार. कॉफी अर्धी झाल्यावर मी चाचरत विचारलं, “अक्का, यादीतून त्यांचं नाव काढू का?”

“स्वल्प राहू दे, थोडे दिवस.”

तेवढ्यात शोकेसमधला नवऱ्याचा फोन वाजला; अ‍ॅप मोटर बंद करायची आठवण देत होतं. अक्का लगबगीने उठल्या, मोटर बंद करून आल्या आणि त्या फोनवर काम झाल्याची खूण केली. पडद्यावर आम्हीच लिहिलेलं ‘शाब्बास!’ उमटलं.

अक्कांनी फोन भिंतीवरच्या फोटोकडे वळवला आणि पडदा विझेपर्यंत तसाच धरून ठेवला.