एक्कावन्नाव्या पानावरचा शिक्का

हातातलं पुस्तक हिसकावून त्यांनी तेच माझ्या कानशिलात हाणलं. चांगलं जाड होतं. डावा कान बंद झाला, आत नुसती शिट्टी वाजत राहिली. मी डोणगावच्या बसथांब्यावर वाचत उभी होते, कॉलेजला जायला. मारणारे आमच्या गावच्या वाचनालयाचे अध्यक्ष.

"एक्कावन्नावं पान काढ," ते म्हणाले. "काय हाय तिथं, वाच."

वाचनालयाचा जांभळा शिक्का होता. तिथे प्रत्येक पुस्तकावर दोनदा शिक्का मारतात, पहिल्या पानावर आणि एक्कावन्नाव्या. चोरानं पहिलं पान फाडलं तरी माल ओळखू यावा म्हणून.

थांब्यावर वीसेक माणसं होती. कुणी मधे पडलं नाही. दोघांनी मोबाईल काढले.

आम्ही मातंग. बाप रद्दी गोळा करतो. माय आणि मी ती निवडतो, पुठ्ठा वेगळा, कागद वेगळा. पुस्तक आलं की आधी पुठ्ठा ओढायचा, आणि त्यासोबत पहिलं पान निघतंच. त्यामुळे मी वाचलेल्या निम्म्या पुस्तकांची नावं मला ठाऊक नाहीत. आवडता लेखक कोण, असं मॅडम विचारतात तेव्हा काय सांगणार, डोंबल?

उन्हाळ्यात अध्यक्षांच्या पुतण्यानंच वाचनालयाची जुनी पुस्तकं तीन पोती भरून आमच्या दारात आणून टाकली होती. बापानं ती उतरवून घेतली. प्रत्येक पुस्तकाच्या पहिल्या पानावर लाल शाईत 'रद्द' लिहिलेलं. ते पान मीच ओढून काढलं होतं. पुरावा पुठ्ठ्याच्या गठ्ठ्यात गेला आणि शिक्का माझ्या पिशवीत राहिला. स्वतःच्या अकलेचा इतका संताप मला कधी आला नव्हता.

"तुमच्या पुतण्यानंच आणून देल्ली," मी म्हणाले.

त्यांनी केस धरले. थांब्यावरून मोटारसायकलजवळ फरफटत नेलं, मागे सोबतच्या एका माणसाला बसवून मला मधे दाबलं आणि आमच्या गावात आणलं. गुडघे सोलले होते. वाचनालयाच्या टेबलावर त्यांनी कोरा कागद आपटला.

"चोरी केली म्हून लिहून दे. तुमी झाडू बांधा, दोर वळा. पुस्तकं काऊन पाह्यजे वं तुमाले?"

बापाला बोलावलं. तो हात जोडूनच आत आला. पोत्यांचं सगळं त्याला माहीत होतं. बोलला नाही.

"दोन ठेव इले. तुह्या हातानं. मंग सोडतो," अध्यक्ष त्याला म्हणाले.

बापानं मारलं. खोटं खोटं नाही, खरंच मारलं. मारताना रडत होता. "लिव्ह माय," म्हणाला, "लिव्ह आन् चाल घरी."

मी पेन उचललं. हे सांगायला लाज वाटते, पण उचललं. 'मी' एवढं लिहिलंही.

तेवढ्यात अध्यक्ष बापाला म्हणाले, "हळू मारतं काय बे?" आणि त्यांनी त्याच्या मानेवर चापट ठेवून दिली. बाप टेबलावर आदळला. दात ओठात घुसला.

दुसरी चापट पडायच्या आत मी तो हात धरला आणि चावले. रक्त तोंडात येईपर्यंत सोडला नाही. ते ओरडले, माझ्या पाठीत बुक्के घातले. बरं वाटत होतं, खोटं कशाला बोलू.

"आता लाव हात," मी म्हणाले. "लावून पाह्य." त्या माणसाला मी पहिल्यांदा अरेतुरे केलं.

तिथून तशीच पोलीस ठाण्यात गेले. तिथून दवाखान्यात. कानाचा पडदा फाटलाय, असं डॉक्टरांनी लिहून दिलं. केस उभी राहिली.

आता गावातली जाणती माणसं घरी येऊन बसतात. मिटवून घे म्हणतात. पोती पुतण्यानंच दिली, हे अध्यक्षांना मान्य आहे म्हणे, पण चारचौघांत नाही. वाचनालयाचं सभासदत्वही देतात म्हणे, जन्मभराचं. बापही म्हणतो, "आपल्याले इथंच राहाचं हाय, माय."

पोती उतरवून घेताना बाप तिथे होता. साक्ष त्याचीच हवी. तो देणार नाही, हे मला कळून चुकलंय. त्याच्यावर राग नाही असं मी म्हणणार नाही. आहे.

तारखेला मी एकटी जाणार. चावलीस का, असं विचारतील. हो म्हणणार. का चावले, तेही सांगणार, बापानं मारलं तेही सांगणार, तो समोर बसलेला असला तरी. केस मागे घेणार नाही.