बाण इथूनच निघतो

माझा स्वभाव तापट आहे, आधीच सांगते. कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेचं स्टोअर मी सांभाळते. बाटली फुटली की माझा पारा चढतो. आमच्या प्रयोगशाळेतली मदतनीस ताई नेमकी उलट. वीस वर्षं माझ्या शेजारच्या सिंकवर परीक्षानळ्या धुतल्या, पण कुणाला उलट बोलली नाही. सरांनी नुसतं फळ्याकडे पाहिलं तरी ही डस्टर घेऊन हजर!

हीच ताई चाळिशी उलटल्यावर बाहेरून बी.एस्सी.ला बसली. बाकी सगळे विषय सुटले, ऑरगॅनिकची तोंडी परीक्षा तेवढी मानगुटीवर बसली. संधी तीनच. तिसऱ्यांदा नापास झालं की नोंदणी रद्द, सहा वर्षांचा अभ्यास पाण्यात.

पहिल्यांदा ती आपटली ती एका शब्दामुळे. 'आम्ल प्रोटॉन देतं', म्हणजे आपला हायड्रोजन देतं, हे तिने घोकून ठेवलेलं. जो देतो त्याच्याकडूनच निघणार ना, म्हणून तिने बाण हायड्रोजनपासून काढला. चूक! बाण दाखवतो इलेक्ट्रॉन कुठून कुठे जातात ते. आम्लारीचे, म्हणजे बेसचे, इलेक्ट्रॉन पुढे येऊन हायड्रोजनला धरतात, तेव्हा कुठे तो सुटतो.

"म्हणजे देतं कसलं? ओढून घ्यावं लागतं की गं," ताई म्हणाली.

"मग! मागितल्याशिवाय आईसुद्धा वाढत नाही," मी म्हटलं.

दुसऱ्या वेळी बाण अगदी बरोबर काढला. परीक्षकांनी विचारलं, "नक्की?" आणि या बाईने आपल्या हाताने तो पुसून टाकला! अस्सा संताप आला मला. दोन दिवस तिच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी तीच स्टोअरच्या खिडकीशी आली.

"तू मला रोज 'नक्की?' विचारत जा. कशावरूनही."

मग काय, मला निमित्तच हवं होतं. "चहात साखर घातलीस? नक्की?" आधी आधी ती बिचारी पुन्हा चाखून बघायची. महिनाभराने मात्र म्हणाली, "घातली म्हणजे घातली. प्यायचा तर पी, नाहीतर ठेव." तेव्हा माझ्या जिवात जीव आला.

तिसऱ्या परीक्षेच्या दिवशी तिने रजा टाकली आणि आमच्याच प्रयोगशाळेत उमेदवार म्हणून येऊन बसली. लागेल ते सामान द्यायला मी होतेच. परीक्षक बाहेरून आलेले, नवीन. ताईचा चेहरामोहरा बघून म्हणाले, "मावशी, जरा पाणी आणता?"

ताई सवयीने अर्धी उठली. मग परत बसली.

"आज मी रजेवर आहे, सर. माझा बैठक क्रमांक सहा."

पाणी मीच नेऊन ठेवलं, जरा आदळूनच. सर ओशाळले असतील, पण प्रश्न काही सोपा केला नाही.

"फिनॉल आणि अल्कोहोल. जास्त आम्लधर्मी कोण? का?"

"फिनॉल. प्रोटॉन गेल्यावर मागे ऋणभार उरतो. फिनॉलमध्ये तो पुढे बेंझिनच्या कड्यातही वाटला जातो. अल्कोहोलमध्ये एकट्या ऑक्सिजनला सोसावा लागतो, म्हणून ते प्रोटॉन सहजासहजी सोडत नाही."

"फळ्यावर काढून दाखवा."

तिने काढलं. हायड्रॉक्साइडच्या इलेक्ट्रॉनांपासून निघालेला बाण थेट फिनॉलच्या हायड्रोजनवर. सरांनी चष्म्यावरून पाहिलं.

"बाण इथून? नक्की?"

ताईचा हात डस्टरकडे गेला. मेली माती खाणार पुन्हा! तिने डस्टर उचललं, दोन पावलं चालली आणि ते सरांच्या पुढ्यात ठेवलं.

"नक्की. पुसायचा तर तुम्ही पुसा, सर. मी पुसणार नाही."

सरांनी डस्टरला हात लावला नाही. मान खाली घालून कागदावर काहीतरी लिहू लागले. मला कुठला धीर धरवतोय?

"पास ना, सर?"

"तुमचा काय संबंध?"

"वीस वर्षं हिच्या शेजारी उभी आहे मी. संबंध कसा नाही?"

सरांनी पेनाचं टोपण लावलं. "हो. झाल्या पास."

मी तिथल्या तिथे भोकाड पसरलं. ताईने माझा दंड धरून मला दाराबाहेर काढलं.

"गप की गं," ती दटावून म्हणाली, "आत सात नंबरची परीक्षा आहे."