गुरुजींनी दिलेला वाढदिवस

आधी चहा संपवा, मग सांगते. मागच्या सुट्टीत हा किस्सा ऐकताना माझ्या नणंदेने अख्खा कप माझ्या नव्या सोफ्यावर सांडला होता. हसायचं तर खुशाल हसा, यात दुसऱ्या कुणाची चूक नाही. सगळा गाढवपणा माझाच आहे.

नर्स म्हणून मी आयर्लंडच्या एका वृद्धाश्रमात लागले, तेव्हा माझं वय त्रेचाळीस. नागपूरचं सक्करदरा सोडून एकटी राहायची ही पहिलीच वेळ. पहिले तीन महिने कामापलीकडे माझ्याशी बोलणाऱ्या दोघीच. एक केरळची शीजा, ती माझ्याच घरात दुसऱ्या खोलीत राहायची. दुसरी आमची आयरिश इन्चार्ज, नोरा. या दोघी रुसल्या तर इथे आपलं कुणी नाही, ही धास्ती मला सारखी असायची.

एक जुलैला शीजा म्हणाली, दुपारी नोराकडे चहाला जायचंय. गेलो. फाटकातूनच खिडकीत फुगे दिसले. कुणाचा तरी वाढदिवस, आणि मी रिकाम्या हाताने? नोराचा तर होऊन गेला होता. म्हणजे शीजाचा! मी "आलेच" म्हणून धूम ठोकली, कोपऱ्यावरच्या दुकानातून फुलदाणी घेतली आणि धापा टाकत परत आले. शीजा बिचारी फाटकाशीच उभी होती.

दार उघडलं आणि आतून दहा-बारा जणी ओरडल्या, "हॅपी बर्थडे!" मी झटकन बाजूला झाले, शीजाला पुढे ढकललं आणि सगळ्यांपेक्षा जोरात टाळ्या पिटायला लागले. फुलदाणी तिच्या हातात कोंबली. ती "नो, नो" म्हणत होती. मला वाटलं, लाजतेय. कोपऱ्यात नोराची म्हातारी आई बसली होती, तिलाही मी खूण केली की वाजवा टाळ्या. म्हातारी माझ्याकडे बघतच राहिली.

मग गाणं सुरू झालं. मी डोळे मिटून, अगदी मन लावून गात होते. नावाची ओळ आली तेव्हा मी एकटी "शीजा" म्हणाले आणि बाकी सगळ्या "सुनंदा". डोळे उघडले, तर समोरच्या केकवर माझं नाव.

नोराने ऑफिसातल्या कागदांवरून माझी जन्मतारीख शोधली होती. आता ती तारीख कागदावर कशी आली, ते ऐका. आमच्या गावी, कुहीच्या शाळेत नाव घालताना गुरुजींनी आईला विचारलं, पोरगी कधी झाली? आई म्हणाली, धान कापणीत, कार्तिक पुनवेच्या दुसऱ्या दिवशी. गुरुजींच्या रजिस्टरात धानाचा रकाना नव्हता. त्यांनी सरळ एक जुलै टाकला. आमचा जवळजवळ सगळा वर्ग एकाच दिवशी जन्मलेला आहे.

पण हे त्या घडीला सांगणार कसं? नोरा रात्रपाळी करून आली होती आणि झोपायचं सोडून तिने केक केला होता. डोळे लाल, चेहरा मात्र फुललेला. माझी हिंमतच झाली नाही. शीजाला पुढे केलं ती आपली गंमत होती, असं ठोकून दिलं आणि मेणबत्त्या फुंकल्या.

संध्याकाळी आईला फोनवर सांगितलं. वाटलं, हसेल.

"काहून वं," ती म्हणाली, "त्या बाईनं झोप मोडून तुह्यासाठी केक केला अन् तू तिले खोटं सांगून राहिली?"

"आई, रुसन ना ते."

"आज रुसन तं उद्या बोलन. मांगून समजलं तं बोलनार नाही. सांगून टाक तिले."

नोराला सांगायचं धाडस झालं नाही, म्हणून शीजाला सांगितलं. ती पोट धरून हसली आणि म्हणाली, काळजी करू नको, नोव्हेंबरमध्ये बघू.

नोव्हेंबर आला. सकाळी आईचा फोन, आज पुनवेचा दुसरा दिवस, तुहा वाढदिवस. ड्यूटीवर गेले तर नोरा म्हणाली, चारला घरी ये. शीजा माझ्याकडे बघून हसली. मला कळायचं ते कळलं. शीजाने सगळं सांगितलेलं दिसतंय! या वेळी मी गाढवपणा करणार नव्हते. त्या थंडीत जरीची साडी नेसले आणि माफीचं भाषण पाठ केलं.

खिडकीत फुगे होतेच. दार उघडलं, आणि मी हात जोडत थेट केकपाशी गेले. "नोरा, मी तुझ्याशी खोटं बोलले. जुलैतला वाढदिवस माझा नव्हताच, तो आमच्या गुरुजींनी लावलेला होता. खरा आजचा आहे. तरीही तू माझ्यासाठी एवढं केलंस!" रडत रडतच फुंकर मारली, केक कापला आणि पहिला घास मोठ्या मानाने नोराच्या आईला भरवला.

शीजाने ओढणी तोंडात कोंबलेली. मी डोळे पुसून केककडे पाहिलं. त्यावर मेणाचा एक आठ होता आणि त्याच्या शेजारी एक शून्य.

शीजा का हसली होती, ते नंतर कळलं. तिने माझ्यासाठी रात्रीच्या जेवणाला पायसम, म्हणजे त्यांच्याकडची खीर, करून ठेवलं होतं. नोराला तिने अवाक्षर सांगितलं नव्हतं.

म्हातारीने घास शांतपणे संपवला, ओठ पुसले आणि लेकीला विचारलं, "नोरा, या बाईचे वर्षाला किती वाढदिवस असतात गं?"

नोरा रुसली नाही. हसता हसता खाली बसली, मग उठून तिने मेणबत्त्या पुन्हा लावल्या. पण तेव्हापासून तिच्याकडून कुणाच्याही वाढदिवसाचं बोलावणं आलं, की माझ्या चिठ्ठीत शेवटी एक ओळ जास्तीची असते. "सुनंदा, तुझा नाही."