व्याह्यांचा वन्समोअर

सन एकोणीसशे चौऱ्याहत्तर. मी तेव्हा छप्पन्न वर्षांचा होतो, आणि माझं मत तेव्हाच पक्कं झालं होतं की कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांत मिळून नाटकाचे खरे वैरी एकच, ते म्हणजे माझे व्याही. वाऱ्याने मांडव उडाले असतील, राजाचं काम करणारा ताडी पिऊन पेंढ्यात झोपला असेल, पण या सगळ्यांनी मिळून बुडवली नसतील एवढी नाटकं या एका माणसाने पहिल्या रांगेत बसून बुडवली. आणि नाटकावर त्यांच्याइतकी माया करणारा दुसरा माणूसही मी पाहिला नाही. मी दोन यत्ता शिकलेला. पण मायेने गळा दाबणं म्हणजे काय ते मला मास्तरने शिकवायला नको, ते मी त्यांच्या शेजारी मांडी घालून बसून शिकलो. बरं, परका असता तर चार शब्द सुनावले असते. व्याही पडले. मुलगी त्यांच्या घरात दिलेली. दात खायचे आणि 'तुमी म्हणता तसं' म्हणायचं.

आम्ही पोशीरचे. व्याह्यांचं गाव खालापूरच्या अंगाला, मोहोपाड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर. गावात जत्रेचं नाटक असो की शेजारच्या गावातलं भजन, हे सर्वांच्या आधी जाऊन पुढची जागा धरणार. काखेत घोंगडी, हातात तीन सेलांची बॅटरी. ही बॅटरी अंधारात वाट दिसायला नव्हे. दुष्टाचं काम करणारा आला की ती त्याच्या तोंडावर मारायची, म्हणजे त्याला लाज वाटेल. नट डोळे मिटून बोलायचे. एकदा एक प्रधान तसाच डोळे मिटून चालत आला आणि थेट पेटीवाल्याच्या मांडीवर बसला. त्यावर व्याही म्हणाले, "बघा, पापाची फळं हिथंच फेडावी लागतात."

त्यात त्यांना वन्समोअरची खोड. गाणं आवडलं की वन्समोअर, नाही आवडलं तर "आता नीट म्हन" म्हणून वन्समोअर. मरणाचं गाणं तर त्यांना सर्वांत प्रिय. एका गावी राजा तलवार लागून पडला, गाणं म्हटलं, मेला. व्याह्यांचा वन्समोअर. राजा उठला, पुन्हा तलवार लावून घेतली, पुन्हा मेला. असं तीनदा झाल्यावर राजाने आडव्यानेच मान वर करून हात जोडले, "तात्या, आता मरू द्या मला. पाठ धरली." आणि हे नाटकापुरतं असतं तरी मी सोसलं असतं. माझ्या सुमीच्या लग्नात भटजींनी शेवटचं मंगलाष्टक जरा सुरात म्हटलं, तर वरबापाच्या जागेवरून आवाज आला, "वन्समोअर." भटजी भोळा. त्याने ते पहिल्यापासून पुन्हा म्हटलं. मुहूर्त टळतो की राहतो म्हणून माझ्या अंगाला घाम, आणि व्याही डोळे मिटून मान डोलावतायत.

त्या दिवसापासून माझं त्यांच्याशी कधी धड जमलं नाही. आणखी एक कारण होतं, ते पाण्याचं. मुलगी दिली त्या घरचं पाणी प्यायचं नाही, ही आमच्यातली जुनी रीत. नातवंड झालं की लोक ती सोडतात. मी नातू झाला तरी सोडली नाही. माझ्या बापाने मरेपर्यंत पाळली, मग मी का सोडावी? त्यांच्याकडे जाताना मी घरून फिरकीचा पितळी तांब्या भरून न्यायचो. व्याही दर खेपेला पाण्याचा तांब्या घेऊन समोर उभे. "व्याही, घोटभर तरी." मी आपला माझ्या तांब्याची फिरकी उघडायचो. ते हिरमुसून आत जायचे, आणि पुढच्या खेपेला पुन्हा तांब्या घेऊन हजर. माणसाने किती हट्टी असावं याला काही माप?

आता जावयांचं. जावई रसायनीच्या कारखान्यात नोकरीला, मोहोपाड्याला क्वार्टरमध्ये राहायचे. बापाचं नाटकाचं वेड त्यांच्यात उतरलं होतं, पण शिस्तीचं. आदल्या वर्षीच्या जत्रेत त्यांनी गावातली मुलं घेऊन नाटक बसवलं. त्यात सावत्र आई राजपुत्राला दुधातून विष देते. राजपुत्राचं काम व्याह्यांच्या सख्ख्या पुतण्याकडे. त्याने पेला तोंडाला लावला आणि समोरून व्याही उठले, "अरं, पिऊ नगो. जहर हाय त्यात, मी बघितलंय तिला कालवताना." पुतण्याने पेला खाली ठेवला. सावत्र आई म्हणाली, "घे रे राजसा." तो म्हणाला, "तात्या नगो म्हनतात." ती दात खाऊन पुन्हा म्हणाली, "घे म्हणते ना." तो म्हणाला, "तात्या समोर बसलेत. मी नाय पिनार." वडील माणसाचा शब्द मोडायचा कसा? बसलेल्या लोकांनीही माना हलवल्या, पोराला वळण चांगलं म्हणून. पण राजपुत्र मेलाच नाही, तर पुढचे दोन अंक करायचे कशाचे? नाटक तिथेच संपलं. जावई सुमीला आणि नातवाला घेऊन त्याच पावली मोहोपाड्याला गेले. दिवाळी गेली, संक्रांत गेली, होळी गेली, गावच्या घरी फिरकले नाहीत.

चैत्रात पुन्हा जत्रा आली. गावाने जावयांना गळ घातली, तेव्हा ते एका बोलीवर तयार झाले. गावचं जुनं तळ्याचं संगीत नाटक करायचं, पण नव्या तऱ्हेने. हे नाटक त्या गावाचं लाडकं आणि तसं भयाण. पाटील तळं खणतो, पाणी लागत नाही. देवी स्वप्नात येऊन सून मागते. पाटील सुनेला नटवून-थटवून तळ्यात पाठवतो, ती गात गात आत उतरते, पाणी चढत जातं. पूर्वी याला मागे तळ्याचा रंगवलेला पडदा असायचा, त्यात कमळं आणि बदकं. मिशा काढलेला एक गडी सून व्हायचा, त्याच्या अंगावर गावभरचे दागिने. दोघे जण निळं लुगडं दोन्हीकडून हलवायचे, तेच पाणी. सून बुडाली की व्याह्यांचा वन्समोअर, की ती लुगड्यातून वर, पुन्हा बुडायला तयार. लोक हसून हसून आडवे व्हायचे.

व्याही मला येऊन म्हणाले, "व्याही, यंदा पडदं नायत. रंग नाय, दागिनं नाय. पेटीबी नाय म्हनतोय."

"मग ऱ्हायलं काय?"

"त्येच इचारलं मी. तर म्हनतो, माणसं ऱ्हायली."

जत्रेला आठ-दहा दिवस असताना सुमी पोशीरला आली. ओटीवर बसली आणि खाली बघून म्हणाली, "आबा, सुनेचं काम मी करतेय." आमच्या घरातली बाई स्टेजवर. मी त्या दिवशी तिच्याशी बोललो नाही, जेवलोही नाही. दुसऱ्या दिवशी तीच म्हणाली, "रागवा, पण एक काम करा. हे म्हणालेत, यंदा बाबांचा आवाज आला तर त्या घराची पायरी शेवटची. मला आणि पोरालाबी पाठवणार नाय. आबा, मी कोणाला सोडू? तुमी मामंजींशेजारी बसा आणि त्यांना गप ठेवा."

"ते कुनाचं ऐकतात गं?"

"तुमचं ऐकतील. तुमी त्यांच्याकडं पानी पीत नाय, म्हणून ते तुमाला भितात."

झालं. ज्या माणसाला मंगलाष्टकात गप्प करता आलं नाही, त्याला आता नाटकात गप्प ठेवायचं काम माझ्याकडे.

मी तयारीने गेलो. व्याह्यांनी देवळात देवाला हात लावून गप्प बसायची शपथ घेतली होती, पण माझा शपथेपेक्षा तंबाखूवर भरवसा. पानात ती मुठीने भरली, म्हणजे तोंड उघडायची सोय नाही. ते घोंगडी अंथरत होते तेव्हा मी बॅटरीतले सेल काढून घेतले. तर या माणसाच्या खिशात जादा सेल. तेही काढून घेतले. मग ते गरीब गायीसारखे माझ्याकडे बघत पान चघळत बसले.

दिवेलागणीला नाटक सुरू झालं, पण सुरू झालं हे कुणाला कळलंच नाही. एक कंदील. पाच माणसं घरच्या कपड्यांत आली आणि विहिरीचा दोर जमिनीवर गोल टाकून त्याच्याभोवती उभी राहिली. हे तळं. लोक आपले पडदा उघडायची वाट बघतायत. मागून एक म्हणाला, "ही मांडव बांधनारी माणसं दिसतात." दुसरा म्हणाला, "वर्गणी घेतली ती काय दोराची?" एका म्हातारीला सुमीचा मोकळा गळा बघवेना. ती आपली बोरमाळ काढून पुढे निघाली, "घाल गं, उगा गरिबावानी नगो दिसू." तिला दोघींनी धरून बसवलं. पाटील बोलायला लागला, तर तो ओरडेचना. घरात बोलावं तसा बोलत होता, सुनेला पाठवतो म्हणताना तर आणखी हळू. "मोठ्यानं बोल की रं, पाटील ना तू?" असं कोणीतरी म्हणालं. भेळवाल्याभोवती गर्दी झाली. व्याह्यांचे गाल फुगले होते, डोळ्यांत पाणी आलं होतं. मान हलवून ते मला दोराकडे दाखवत होते. तळ्यात पाणी नाही, असं त्यांचं म्हणणं.

मग सुमी त्या दोराच्या आत पाय टाकून गायला लागली. पेटी नाही, तबला नाही. जात्यावर बायका म्हणतात तशी साधी चाल. पाणी पायाला लागलं, गार आहे म्हणाली. एका कडव्याला माहेरच्या वाटेकडे बघितलं, एका कडव्याला तान्ह्याला झोपवायला सांगितलं. प्रत्येक कडव्याला आवाज थोडा खाली. भेळवाल्याने डबा वाजवायचा थांबवला. पाणी कमरेला आलं, छातीला आलं. पायाखाली कोरडी जमीन, तिथल्या भाताच्या खोडक्या मला दिसत होत्या, आणि तरी पाणी चढत होतं. शेवटी तिने मान वर केली, श्वास घ्यायला करतात तशी. आणि तिने माझ्याकडे बघितलं, की मला तसं वाटलं.

"नगो. भायेर ये, भायेर ये तू."

आवाज माझ्या कानांवर आला, आणि मग मला कळलं की मी उभा आहे.

व्याह्यांनी माझं धोतर धरून मला खाली ओढलं. त्यांना बोलायचं होतं आणि तोंड भरलेलं. थुंकायला जागा नव्हती. त्यांनी ते सगळं तंबाखूचं पाणी गिळलं आणि माझ्या कानात म्हणाले, "बसा व्याही. आमच्या घरची हाय ती. बुडायची नाय." मग त्यांना उचकी लागली. ती त्यांनी घोंगडीत तोंड घालून दाबली. सुमी एवढा वेळ थांबली होती. तिने उरलेलं कडवं म्हटलं आणि दोरात बसून डोकं खाली घातलं. टाळी नाही. वन्समोअर नाही. लोक उठून चपला शोधायला लागले.

जावई कंदील घेऊन सरळ आमच्याकडे आले. अंधारात कोण ओरडलं ते त्यांना दिसलं नव्हतं, आणि बघायची गरजही वाटली नव्हती. बापाला म्हणाले, "सांगितलं होतं ना बाबा?"

व्याही उचकी देत म्हणाले, "हां. चुकलं माझं."

त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. गप्प राहिलो असतो तर माझी अब्रू राहिली असती. जावयांच्या मागे सुमी उभी होती, ती मात्र माझ्याकडे बघत होती.

मी म्हणालो, "त्यांचं तोंड तर मीच भरून ठेवलेलं. माझ्या तोंडून गेलं ते."

जावयांनी कंदील माझ्या तोंडापुढे धरला आणि खाली केला. बापावर ओरडता येतं, सासऱ्यावर कसं ओरडणार? आमच्या रीती कशाला असतात असं विचारतात हल्लीची पोरं, तर एक रीत त्या दिवशी अशी कामाला आली. सुमीला हसू फुटलं. मग ती पोराला खांद्यावर टाकून गावच्या घराकडे चालायला लागली, आणि जावई कंदील धरून तिच्या मागे.

व्याह्यांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांच्यामागे त्या गावची नाटकं सुरळीत पार पडतात, राजे एकदाच मरतात, दुष्टांच्या डोळ्यांवर बॅटरी येत नाही. मी जातो, बसतो, आणि अर्ध्यातून उठून येतो.

तर त्या तळ्याच्या नाटकाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या ओटीवर बसलो होतो. माझा फिरकीचा तांब्या खुंटीला होता, भरलेला. व्याही नेहमीप्रमाणे आतून पाण्याचा तांब्या घेऊन आले आणि माझ्यासमोर उभे राहिले. मी त्यांच्या हातून तो घेतला आणि वरून धार धरून संपवला. दारात सुमी हातातलं काम सोडून उभी राहिली. व्याह्यांनी रिकाम्या तांब्यात वाकून बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि अगदी हळू म्हणाले, "वन्समोअर."

मी तांब्या पुढे केला.