नारळ फोडलेला मिक्सर

रिसोडला एका घराचा स्लॅब टाकताना मिक्सरच्या दातेरी चाकात माझी दोन बोटं गेली. भरपाईसाठी कामगार कार्यालयात गेलो, तर ठेकेदार साहेबांसमोर शांतपणे म्हणाला, "ह्या मानसाले मी ओळखतच नाई."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आमच्याकडे स्लॅबच्या दिवशी मिक्सरवर नारळ फोडल्याशिवाय कोणी फावड्याला हात लावत नाही, अन् हा ठेकेदार तर भलताच देवभोळा. मी म्हणालो, "साहेब, यायनं त्या दिवशी मिक्सरवर नारयच फोडला नाई. मंग बोटं जातीन नाई तं काय."

साफ खोटं होतं ते. ठेकेदार खुर्चीतून ताडकन उठला. "काहून खोटं बोलून राह्यला बे? म्या सोता फोडला. तुयाच हातावर परसाद ठेवला ना?"

माझ्या पोटातून असं हसू उसळलं, की शेजारी बसलेली बायको मला चिमटे काढायला लागली, अन् मग तीच पदरात तोंड खुपसून हसत सुटली. साहेबांनी पेन उचललं अन् ठेकेदाराला विचारलं, "कोणाच्या हातावर?"

तो मटकन खाली बसला. मी उजवा हात वर केला, उरला होता तेवढा.