अर्ध्या तांब्याची जिजी

जिजी पाहुण्याला अर्धाच तांब्या पाणी द्यायची. तांब्या घासून लख्ख, त्यावर फुलपात्र पालथं, सगळं रीतसर. पण आत पाणी निम्म्यापर्यंत. तेवढं पिऊन कुणी तांब्या पुढं केला तर ती पुन्हा अर्धाच भरून आणायची, कितीही वेळा, न कंटाळता. मात्र उरलेलं पाणी कुणी अंगणात भिरकावलं तर तो सरपंच असो की व्याही, ती तोंडावर सांगायची, "लागंल तितकं पी बाबा, धा येळा माग. पर सांडू नको." नगरकडच्या कर्जत तालुक्यातल्या त्या गावात तिला सगळे अर्ध्या तांब्याची जिजी म्हणत. तिच्यासमोरही म्हणत. तिला त्यात कमीपणा वाटत नसे.

माझे वडील त्या गावच्या शाळेत शिक्षक होते आणि आम्ही जिजीच्या दोन खोल्यांत भाड्यानं राहत होतो. पहिली ते सातवी मी तिच्या अंगणात वाढलो. नवरा लवकर गेलेला, एक मुलगी, एक मुलगा, थोडी जिरायती आणि दावणीला दोन गाई, असा तिचा संसार होता. तिच्या घरात पाण्याला सुट्टी नव्हती. तांदूळ धुतलेलं पाणी भाजी धुवायला, भाजीचं पाणी भांडी विसळायला, विसळलेलं गाईंच्या घमेल्यात. जेवण झाल्यावर हात मोरीवर धुवायचे नाहीत, पातेल्यावर धुवायचे. मी एकदा घाईनं मोरीवर धुतले. तिनं माझा ओला हात धरून नेला आणि गाईच्या जिभेसमोर धरला. "मास्तराच्या, तिच्या तोंडचं पळवलंस. दे आता चाटाया."

तिच्या मुलीला बघायला मंडळी आली तेव्हाही तिनं अर्धाच तांब्या ठेवला. मुलाच्या वडिलांनी तांब्यात डोकावून विचारलं, "आमचा मान एवढाच का?" जिजी म्हणाली, "मान पोह्यात घातलाय. पानी लागंल तसं." पोह्यांवर खरोखरच शेंगदाण्यांचा थर होता. लग्न जमलं. पुढं त्याच व्याह्यानं सांगितलं की सून आली तेव्हापासून त्यांच्याही घरी पाणी अर्धंच मिळतं आणि बोलायची सोय नाही.

गावाच्या खालच्या अंगानं सीना जाते. माझ्या लहानपणी ती जात नव्हती, नुसती होती. पात्रात वाळू, वेड्या बाभळी आणि ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या. आम्ही तिथे क्रिकेट खेळायचो. एखाद्या वर्षी नदीला पाणी आलंच तर गावातल्या बायका हळदकुंकू, नारळ, खण घेऊन काठावर जात आणि नदीची ओटी भरत. पुढं नेहमी जिजी. ती नदीला बया म्हणायची, आणि माहेरी आलेल्या मुलीशी बोलावं तशी बोलायची. "आलीस का बये? आल्यासारखी राहा चार दिस. लगीच पळू नको." बाकीच्या बायका हसत. बया दोन दिवसांत निघून जाई.

तिची दुसरी प्रसिद्ध गोष्ट म्हणजे दाव्याची गाठ. एकदा तिची गाय सुटून शेजारच्या बबनच्या कडवळात शिरली होती. दुष्काळी मुलखात हिरव्या वैरणीत दुसऱ्याच्या जनावराचं तोंड म्हणजे साधी गोष्ट नव्हे. दोन्ही घरांचं बोलणं वर्षभर बंद होतं. त्यानंतर जिजी दुहेरी गाठ मारू लागली आणि वर हिसका देऊन आवळू लागली. "माझ्या गाईनं परत कुनाच्या वावरात त्वांड घातलं तर माझं नाव बदला," असं तिनं चावडीवर सांगितलं होतं. नाव बदलायची वेळ आली नाही. ती गाठ तिच्याशिवाय कुणाला सुटत नसे. बबन चेष्टेनं म्हणायचा, "जिजी, चोर आला तर गाय न्हाई न्यायचा, खुट्टा उपटून न्यायचा."

जिजीचा मुलगा नगरला एमआयडीसीत लागला, त्यानं केडगावात घर केलं. आईला तो दरवर्षी बोलावत राहिला. जिजीचं उत्तर ठरलेलं होतं: "गाई हायेत तवर मी हितंच." गाई बदलत गेल्या. शेवटच्या दोघींची नावं बांडी आणि मोरी. सकाळी त्यांची धार काढायची, डेअरीच्या टेम्पोत दूध घालायचं, आणि मग त्यांच्याशी बोलत गोठा झाडायचा. मी सुट्टीत गेलो की ती माझ्याशी बोलता बोलता मध्येच गाईंना उत्तर द्यायची. तिच्या गावात राहण्याला या दोघींखेरीज दुसरं कारण उरलं नव्हतं, आणि ते तिला ठाऊक होतं.

पूर आला त्या सकाळी मी गावात नव्हतो, नगरला वर्तमानपत्राच्या कार्यालयात होतो. पुढचं मला बबननं सांगितलं, त्याच्या बायकोनं सांगितलं, आणि फार नंतर, थोडं, जिजीनं. तिघांच्या सांगण्यात फरक नाही.

वरच्या भागात पावसानं उघडीप दिली नव्हती. आधी नदी दोन्ही काठ भरून आली तेव्हा गाव आनंदलं. बायका ओटी घेऊन गेल्या, पोरींनी फोटो काढून स्टेटसला ठेवले. जिजी घोट्याएवढ्या पाण्यात उभी राहिली आणि नेहमीचं बोलली: आल्यासारखी राहा चार दिस.

त्यानंतरच्या सकाळी, धारा काढून होताहेत तोवर, देवळाच्या भोंग्यावरून सूचना झाली. नदीकाठच्यांनी वर शाळेकडे जावं, जनावरं सोडावीत. जिजीचं घर सर्वांत खालच्या गल्लीत, मागं ओढा. बबननं आपली जनावरं काढली आणि तिला हाक मारली.

"जिजी, गाई सोड. चल."

"सोडते. आदी पानी भरते."

"अगं, पानीच येतंय की!"

"ते काय प्यायचं हाय व्हय? नदी आली की लाईट जाती. लाईट गेली की धा दिस मोटर न्हाई. मंग चिखल पिनार का तुमी?"

तिचं चुकत नव्हतं. मागच्या प्रत्येक वेळी असंच झालं होतं. तिनं बोअरची मोटर चालू केली आणि हंडे, कळशा, दुधाचे कॅन, जे हाताला लागेल ते भरून जिन्यावरून स्लॅबवर नेऊ लागली. बबन शाळेकडून परत आला, पुन्हा हाक मारली. ती जिन्यावरून म्हणाली, "आलेच. ह्यो एवढा हंडा." गाई सोडून दिल्या तर त्या कुणाच्या तरी उसात शिरतील, म्हणून त्यांना धरून न्यायचं तिच्या मनात होतं, आणि धरून न्यायला हात मोकळे हवे होते. ती मधूनमधून नदीकडे बघत होती. नदी अजून म्हसोबाच्या दगडापाशी होती. त्या दगडाच्या अलीकडे नदी आलेली गावात कुणी पाहिली नव्हती.

पाणी नदीकडून आलं नाही. फुगलेल्या नदीनं ओढ्याचं पाणी मागं लोटलं, आणि ते घराच्या पाठीमागून, गोठ्याची मातीची भिंत पाडून आत आलं. गल्लीत मागं राहिलेली माणसं, बबन आणि त्याची बायको धरून, जिजीच्या जिन्याकडे धावली. बाकी घरं पत्र्याची, स्लॅब तिचाच. जिजी त्या वेळी जिन्याच्या मधल्या पायरीवर होती, कमरेवर हंडा. बबनची बायको सांगते, तिनं हंडा टाकला नाही. नीट टेकवून ठेवला, आणि मग खाली धावली.

गोठ्यात पाणी तिच्या कमरेच्या वर होतं. गाई माना वर करून दावी ताणत होत्या. भिजून फुगलेली गाठ त्या ताणानं आणखी आवळत होती. तिनं बोटांनी ओढली, दातांनी ओढली. विळा मागच्या भिंतीत खोचलेला असायचा, भिंतच नव्हती. बबन दोर धरून उतरला, त्यानं तिला मागून मिठी मारली आणि खेचलं. "चावली मला," तो म्हणाला. मनगटाजवळचा व्रण त्यानं दाखवला. तो दाखवताना त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती.

स्लॅबवर सगळे गोठ्याकडे पाठ करून बसले. "हंबरायचं कवा थांबलं ते कुनी कुनाला सांगितलं न्हाई," बबनची बायको म्हणाली.

बोट येईपर्यंत गल्ली त्या स्लॅबवर होती. चारी बाजूंनी पाणी, आणि प्यायला फक्त जिजीनं भरलेलं. ते तिनं स्वतः वाटलं. प्रत्येकाला अर्धा पेला. नखं तुटलेली बोटं पेल्यात जाऊ नयेत म्हणून ती पेला तळातून धरत होती. स्वतः प्याली नाही. शेवटी बबनच्या म्हाताऱ्या आईनं, "तू पी, न्हाईतर म्या बी पेत न्हाई," असं म्हणून तिला पाजलं.

पाणी उतरल्यावर मी गावात पोहोचलो. वीस वर्षं बातम्या लिहिल्यानंतर डोळे एका पद्धतीनं बघतात: काय पडलं, काय वाहून गेलं, कुणाशी बोलायचं. शेतांतली काळी माती खरवडून गेली होती आणि खाली मुरूम उघडा पडला होता. विहिरी गाळानं भरून जमिनीला समतल झाल्या होत्या. काही ठिकाणी विहीर कुठे होती यावरून भावाभावांत वाद चालला होता. आम्ही क्रिकेट खेळायचो ते पात्र ओळखू येत नव्हतं. भिंतींवर पाण्याची रेघ माझ्या डोक्याच्या वर होती. ज्या गावात उन्हाळ्यात टँकरची वाट बघताना मी माणसं पाहिली होती, त्या गावात ही रेघ डोक्याच्या वर होती. मी ती हात वर करून चाचपली. तरी पटलं नाही.

गोठ्यात गाई होत्या तिथेच होत्या. दावी ताणलेलीच होती. बातमीत आम्ही याला पशुधनाचं नुकसान म्हणतो. मी त्या दिवशीही तेच शब्द लिहिले, कारण दुसरे नव्हते.

पंचनाम्याला आलेल्या जनावरांच्या डॉक्टरांनी विचारलं, "आजी, जनावरं बांधलेली होती की सुटलेली?"

"बांधल्याली," जिजी म्हणाली. "म्या बांधल्याली."

"तसं नाही, आजी. नुसतं बांधलेली म्हणा."

"नुसती कशी? म्या बांधली तशी कुनी बांधत न्हाई."

दिवसभर गल्लीतली माणसं येऊन तिच्या पाया पडत होती. जिजी, तुझ्या पान्यानं वाचलो. जिजी, तू हुतीस म्हनून. ती प्रत्येकाकडे बघायची, त्यांचं म्हणणं खरं होतं म्हणून नाकारायची नाही, आणि मग म्हणायची, "व्हय. पानीच भरत हुते म्या." शहरातून आलेल्या एका पत्रकाराला तिचा हंड्याबरोबर फोटो हवा होता. बबननं त्याला दंडाला धरून गल्लीबाहेर नेलं.

संध्याकाळी मी निघताना ती पायरीवर बसली होती. सीना खाली, आपल्या जागेवर, तपकिरी आणि शांत वाहत होती. जिजी तिच्याकडे बघत म्हणाली, "राहा म्हनलं हुतं म्या तिला. घरात ये कुटं म्हनलं हुतं?" तिला उत्तर हवं होतं.

आठवड्यानं मुलगा तिला केडगावला घेऊन गेला. नको म्हणायचं कारण दावणीला उरलं नव्हतं.

माझं घर तिथून जवळ. मी जातो. सून भरलेला ग्लास आणते, उरलेलं पाणी बेसिनमध्ये ओतते. शेजारची टाकी वाहत असते. जिजीचं लक्ष नसतं. तिनं कुणाला तरी टोकावं म्हणून मी एकदा मुद्दाम निम्मं पाणी कुंडीच्या बाहेर सांडलं. तिनं पाहिलं आणि तोंड फिरवलं.

समोरच्या मोकळ्या प्लॉटवर एक बाई शेळ्या पाळते. दिवसा त्या विजेच्या खांबाला बांधलेल्या असतात. आभाळ भरून आलं की जिजी चपला न घालता बाहेर पडते आणि त्या सोडते. पहिल्यांदा गल्लीत मोठं भांडण झालं. माझ्यासमोरच शेळीवाली तावातावानं आली होती.

"तुमच्या पाया पडते जिजी, नका सोडू. काल एक पार पुणे रोडला, पेट्रोलपंपावर जाऊन उभी! लाइनीत!"

"घावली का?"

"घावली, पण किती हिंडले मी!"

"जिती घावली का?"

"जिती म्हणजे? हो, जितीच की."

"मंग झालं."

मुलानं हात जोडले, सुनेनं माफी मागितली. शेळीवालीनं जिजीच्या बोटांकडे पाहिलं आणि ती परत गेली. तिला कुणीतरी नंतर सगळं सांगितलं असावं.

परवा गेलो तेव्हा दुपारीच काळवंडून आलं होतं. जिजी खांबापाशी वाकली होती. शेळीवाली आपल्या दारात उभी राहून बघत होती, तिला अडवत नव्हती. मी तिच्याजवळ गेलो तशी ती हळू आवाजात म्हणाली, "गाठ बदलली मी. एका ओढीत सुटती. रोज नखं मोडून घ्यायच्या, बघवंना."

जिजीनं टोक ओढलं. गाठ सुटली. तिनं दुसरी सोडली, तिसरी सोडली. शेळ्यांनी कान झटकले आणि त्या गल्लीच्या तोंडाकडे निघाल्या. त्या वळणावरून दिसेनाशा होईपर्यंत जिजी दोर हातात धरून उभी होती. मग आत आली आणि भिंतीला टेकून बसली.

थेंब पडू लागले. शेळीवालीनं घरातून छत्री आणली, पदर खोचला आणि शेळ्या शोधायला निघाली.